किती चालतो आपण?

आपण दिवसाला किती चालतो, हे कुणालाही विचारून पाहा. उत्तर येतं ते थकव्यावरून. ज्याचा दिवस धावपळीत गेला तो सांगतो, आज खूप चाललो. ज्याचा खुर्चीत गेला तो म्हणतो, फारसं नाही. माझी आई म्हणते, "अगं, सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत पायांवरच असते मी. आणखी किती चालू?" यात एक अक्षर खोटं नाही. पण पायांवर असणं वेगळं आणि चालणं वेगळं. ओट्यापाशी तासभर उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, आणि त्या तासाभरात पावलं पडलेली असतात ती ओटा ते फ्रिज आणि फ्रिज ते ओटा एवढीच. याउलट वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगानं चालून आलेल्या माणसाचं अंग मोकळं झालेलं असतं आणि त्याची पावलं दोन हजारांच्या घरात गेलेली असतात. दमणूक खरी असते, पण चालण्याचं माप म्हणून ती भरवशाची नाही.

हा विषय घरात आला तो डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलं म्हणून. किती चालू, असं तिनं विचारलंही. "जमेल तेवढं, पण रोज," असं उत्तर मिळालं. सल्ला योग्यच होता, पण "जमेल तेवढं" म्हणजे नक्की किती हे आईला सांगता येईना आणि मलाही. भावानं फोनवर लगेच तोडगा काढला: स्टेप्स मोजणारं घड्याळ घेऊन टाकू. मी त्याला थांबवलं. वस्तू घरात आली की तिचं सगळं बघावं लागतं. चार्जिंग, अ‍ॅप, पासवर्ड, बिघडली तर दुरुस्ती. ते सगळं निभावणार आई, म्हणजे पर्यायानं मी. त्याआधी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. हे यंत्र नेमकं काय मोजतं, आणि तो आकडा हातात आल्यावर आई त्याचं करणार काय.

पावलं मोजायची माणसाची खटपट जुनी आहे. रोमन मैल म्हणजे दोन्ही पायांची मिळून एक अशी हजार पावलं. पण या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त भावतो तो नैनसिंग रावत. तिबेटची दारं तेव्हा परक्यांना बंद होती, आणि ब्रिटिश भारताच्या सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरी यांना तिथला नकाशा हवा होता. त्यांनी हिमालयाच्या कुशीत वाढलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. चढ असो, उतार असो, दगडधोंडे असोत, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे, मैलाला दोन हजार. १८६५ मध्ये नैनसिंग काठमांडूहून ल्हासाच्या वाटेला लागला तेव्हा त्याच्या हातात जपमाळ होती, पण तिच्यात १०८ नव्हे, १०० मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. रोजच्या नोंदी प्रार्थनाचक्रात दडवायच्या, लोक बोलायला आले की जपात असल्यासारखं दाखवायचं, आणि मनातली मोजणी तुटू द्यायची नाही. त्या पावलांवर आणि वाटेत घेतलेल्या अक्षांशांवर ल्हासाचा रस्ता कागदावर उतरला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं.

हे वाचताना माझा एक गुंता सुटला. नैनसिंगला अंतर काढायचं होतं. त्याची शंभर पावलं निसटली असती तर नकाशातलं गाव सरकलं असतं, म्हणून एकेक पाऊल लाखमोलाचं होतं. आईला अंतर काढायचं नाही. कालच्यापेक्षा आज, गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात आपण जास्त हललो की कमी, एवढंच तिला कळायला हवं. अशा कामाला यंत्र रोज दोनशे पावलं चुकलं तरी बिघडत नाही. फक्त ती चूक रोज साधारण एकाच बाजूला आणि सारखीच असली पाहिजे. स्टेप काउंटर घेताना अचूकतेवर फार डोकं खाजवणाऱ्या लोकांना मी आता एवढंच विचारते, की तुम्हाला नकाशा काढायचाय का?

अठराव्या शतकापर्यंत खिशात मावणारी यंत्रं निघाली होती. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसननं १७८८ मध्ये पॅरिसहून जेम्स मॅडिसनला असं एक यंत्र पाठवलं आणि ते कसं लावायचं ते पत्रात बारकाईनं लिहिलं. घड्याळ ठेवायच्या खिशाच्या तळाला भोक पाडायचं, यंत्राला शिवलेली फीत त्यातून आत सोडायची आणि तिच्या टोकाचा हूक गुडघ्यापाशी अडकवायचा. पाऊल पडलं की फीत ओढली जायची. नंतर फीत गेली आणि कमरेला लावायच्या डबीत झुलणारा छोटा लोलक आला. चालताना कंबर खालीवर होते, त्या हिसक्यासरशी लोलक हलतो आणि एक पाऊल नोंदलं जातं. १९६४ ची टोक्यो ऑलिम्पिक झाली आणि जपानमध्ये व्यायामाचं वारं वाहू लागलं. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीनं असंच एक यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आज जगभर मनगटावर जे १०,००० झळकतं, त्याचा उगम या वस्तूच्या नावात आहे. तोवर कुठल्या वैद्यकीय अभ्यासानं तो आकडा घालून दिलेला नव्हता.

आताची यंत्रं लोलक वापरत नाहीत. फोन, बँड, घड्याळ, कमरेची क्लिप, सगळ्यांत सिलिकॉनचा एक सूक्ष्म सेन्सर असतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक भाग आत तरंगत असतो. आपण हललो की तोही हलतो, आणि ती हालचाल तिन्ही दिशांना विजेच्या फरकातून वाचली जाते. यंत्राला पाऊल दिसत नाही, हिसका दिसतो. त्या हिसक्यांना चालण्यासारखा ताल आहे का, सेकंदाला साधारण एक-दोनदा तीच चढउतार परत येते का, हे आतलं गणित तपासतं. ताल जुळला तर पाऊल धरलं, नाहीतर सोडून दिलं.

एवढं कळलं की यंत्र कुठे फसतं तेही आपोआप कळतं. मनगटावरच्या बँडला हाताची हालचाल दिसते, पायाची नाही. सामानाची ट्रॉली ढकलताना, बाबागाडी नेताना, कठडा धरून जिना चढताना हात स्थिर असतो, मग चाललेली पावलं बुडतात. उलट टाळ्या वाजवताना, कपडे घासताना, हातवारे करत बोलताना न चाललेली पावलं जमा होऊ शकतात. फार सावकाश चालणाऱ्यांच्या बाबतीत तर पावलं बुडणं जास्तच होतं. म्हातारपणी पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत नेलं जातं, हिसका मंद होतो आणि यंत्र त्याला चालणं मानतच नाही. म्हणजे ज्यांना चालायचा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो, त्यांचीच पावलं मोजण्यात यंत्र सगळ्यात कमी पडतं. अशा माणसांसाठी मनगटापेक्षा कंबर बरी आणि कमरेपेक्षा घोटा बरा. दुकानात मात्र सगळ्यात जास्त मनगटाचीच यंत्रं मांडलेली असतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. बरीच यंत्रं पहिली काही पावलं लगेच धरत नाहीत. नुसतं कूस बदलली किंवा खुर्ची सरकवली तर ते मोजलं जाऊ नये, म्हणून सलग काही पावलं झाली तरच मोजणी सुरू होते. आता घरातल्या बाईचं चालणं आठवा. चार पावलं गॅसपर्यंत, तीन बेसिनपर्यंत, पाच कपाटापर्यंत, मध्ये थांबणं. या तुकड्यांतले कितीतरी तुकडे यंत्राच्या चाळणीतून गळून जातात. शरीराला त्यांचा उपयोग होतोच, ती पावलं फुकट गेली असं नाही. पण यंत्राचा आकडा मुख्यतः सलग चालण्याचा असतो. आई "दिवसभर चालते" म्हणते आणि आकडा लहान येतो, तेव्हा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यंत्र तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ रस्ता किंवा लांब व्हरांडा घ्यायचा, सुरुवातीचा आकडा बघून ठेवायचा, तोंडानं मोजत शंभर पावलं नेहमीच्या चालीनं चालायची आणि फरक बघायचा. मग तेच हात खिशात घालून, तेच हातात पिशवी घेऊन. आपल्या चालीला कुठलं यंत्र जमतं, हे पाच-दहा मिनिटांत कळतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या अभिप्रायावरून कळू शकत नाही, कारण चाल प्रत्येकाची वेगळी.

आता दहा हजारांकडे येते, कारण माणसं खचतात ती याच आकड्याशी. अमेरिकेत आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांना कमरेला सेन्सर लावून त्यांची पावलं मोजली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सरासरी वय ७२. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढतील तसा फायदा आणखी वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास येऊन थांबला. पुढे २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साठी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा ६,००० ते ८,००० च्या दरम्यान आणि त्याहून तरुणांसाठी ८,००० ते १०,००० च्या दरम्यान निघाली. या अभ्यासांतून चालण्यानंच आयुष्य वाढलं असं थेट म्हणता येत नाही. जो आधीच आजारी आहे तो मुळात कमी चालतो, आणि संशोधकांनी ते वजा करायचा कितीही प्रयत्न केला तरी थोडं उरतंच. पण सगळ्या अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे. सगळ्यात मोठी उडी तळातून वर येण्यात आहे.

मला हे फार दिलासा देणारं वाटतं. २,७०० आणि ४,४०० मधलं अंतर १,७०० पावलांचं. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे मोठ्या माणसासाठी मध्यम वेग धरला जातो. त्या हिशेबानं हे सतरा-अठरा मिनिटांचं काम, सावकाश चालणाऱ्याला पंचवीस मिनिटं लागतील. जो माणूस रोज तीन हजारांवर आहे त्याच्यापुढे १०,००० ठेवलं तर तो आठवड्यात यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून देईल, आणि "आपल्याच्यानं होत नाही" अशी समजूत करून घेईल. त्यालाच ४,५०० सांगितले तर तो संध्याकाळी चपला घालून निघेल. विकत घेतलेल्या यंत्रात आधीच भरून आलेलं लक्ष्य बदलणं, हे मी पट्टा मनगटावर बांधण्याच्याही आधीचं काम मानते.

यंत्रानं माणसं खरंच जास्त चालू लागतात का? २००७ मध्ये याच प्रश्नावरचे २६ अभ्यास एकत्र मांडले गेले. पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजायचं यंत्र, वापरणारे लोक इतरांपेक्षा दिवसाला जवळपास अडीच हजार पावलं जास्त चालू लागले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा हा फरक मोठा आहे. त्यातली मेख अशी की ज्यांच्यासमोर ठरवलेलं लक्ष्य होतं त्यांच्यात तो ठळक दिसला. नुसतं यंत्र बांधून फिरणाऱ्यांत तसा दिसला नाही. दुसरं म्हणजे हे प्रयोग सरासरी १८ आठवड्यांचे होते. चार-साडेचार महिन्यांत काय होतं ते त्यातून कळतं, चार वर्षांत काय होईल ते नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१६ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांवरचा दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचा कार्यक्रम सगळ्यांना सारखा होता, फक्त अर्ध्या लोकांना अंगावर बांधायचं यंत्र दिलं होतं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोनं उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलोनं. यंत्र घेतलं की वजन उतरेल या भरवशावर जे पैसे काढतात, त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. त्याच वर्षी जॉर्डन एटकिन यांचं संशोधन आलं. मोजायला लागल्यावर माणसं ते काम जास्त करतात, पण त्यातला आनंद कमी होतो. आणि मोजणं थांबलं की करणंही कमी होतं. चालणं, चित्रं रंगवणं, वाचणं, सगळीकडे त्यांना हेच दिसलं.

हे वाचल्यावर माझ्यापुरता निर्णय झाला. मी रोज चालते. कामाची खुर्ची सोडून बाहेर पडले की पहिली दहा मिनिटं डोक्यात ऑफिसच असतं, नंतर ते मागे पडतं आणि झाडं, माणसं, बाल्कनीतले कपडे दिसायला लागतात. कधी ओळखीचं कुणी भेटतं आणि अर्धा वेळ उभ्यानं बोलण्यात जातो. ही फेरी कमी पडते की पुरते, असा प्रश्न मला कधी पडलेला नाही, आणि तो पडावा असं वाटतही नाही. मनगटावर आकडा आला तर बोलायला थांबलेली मी त्या आकड्याकडे बघेन. जिची सवय लागलेली आहे आणि जी आपल्याला आवडते, अशी गोष्ट मोजायला मी काही विकत घेणार नाही. पोहणाऱ्यांना आणि सायकल चालवणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, त्यांच्या मेहनतीतलं फार थोडं पावलांत उतरतं. आणि ज्यांचं आकड्यांशी दुखरं नातं आहे, वजनाच्या, कॅलरीच्या आकड्यांनी ज्यांचं खाणं-जगणं एकदा विस्कटून गेलेलं आहे, त्यांच्या हाती आणखी एक आकडा देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कॅलरीचा विषय निघालाच आहे तर, पावलांच्या खाली जो "एवढ्या कॅलरी जाळल्या" असा आकडा येतो त्याच्याकडे बघूच नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्या आकड्यावर भिस्त ठेवून कुणी जेवणाचा हिशोब मांडू नये.

मग आईसाठी? इथे मला फोनचा विचार आधी करायचा होता, कारण फोन घरात आहेच. २०१३ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत पावलं मोजायची सोय फोनमध्येच यायला लागली, आणि २०१५ मधल्या एका छोट्या तुलनेत फोनवरची अ‍ॅप्स बँडच्या तोडीस तोड ठरली होती. ज्याच्या पँटच्या खिशात दिवसभर फोन असतो त्यानं वेगळं यंत्र घ्यायचं कारण मला दिसत नाही. पण आईचा फोन खिशात नसतो, कारण तिच्या कपड्यांना खिसाच नाही. फोन टेबलावर, नाहीतर टीव्हीशेजारी, नाहीतर चार्जिंगला. बाहेर पडली की पर्समध्ये, आणि पर्स कधी खांद्याला, कधी हातात. त्या फोननं आईची पावलं मोजली तर तो टेबलाचीच मोजेल. "फोन आहे ना, मग वेगळं कशाला?" असं जे सर्रास सांगितलं जातं ते खिसे असणाऱ्यांच्या अनुभवावरून आलेलं आहे.

म्हणून विकत घेण्याआधी आम्ही फोनच कमरेला बांधून पाहिला. कापडी पाऊच, त्याला नाडी, आणि आईला एकच विनंती, की नेहमीसारखंच वाग, मुद्दाम चालू नकोस. रात्री ती चष्मा लावून स्वतः आकडा बघायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायची. आकडा तीन हजारांच्या आतबाहेर होता. पहिल्या रात्री तिला तो पटला नाही. "एवढेच? मग पाय कशानं दुखतात?" मी म्हटलं, "उभं राहून, आई." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, की भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, हे सगळं बसून केलं तर चालेल का, म्हणजे संध्याकाळी चालायला पायांत जीव राहील. डॉक्टरांच्या सल्ल्यानंतर किती दिवस आम्ही तिला "चाल, चाल" म्हणत होतो, पण कामाची जागा बदलावी हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. तिला ते सुचलं ते आकडा समोर आल्यावर.

माझ्या दृष्टीनं यंत्राची किंमत इथे वसूल होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते आपली आपल्याबद्दलची समजूत तपासून देतं. कुठला वार कोरडा जातो, कुठलं काम दमवतं पण चालवत नाही, भाजी आणायला पायी गेलो तर किती भर पडते, हे एकदा कळलं की पुढे बऱ्याचदा अंदाजानं भागतं. ताप आहे का ते कळायला थर्मामीटर लागतोच, पण उतरल्यावर कुणी तो काखेत धरून बसत नाही. लोकांनी काही महिन्यांनी बँड काढून ठेवला की घरचे त्यांना टोमणे मारतात, पैसे वाया गेले म्हणतात. चालणं टिकलं असेल तर मी त्याला वाया गेलं म्हणणार नाही. चालणंही सुटलं असेल तर तक्रार रास्त आहे, पण तिथे बहुतेक वेळा लक्ष्यच ठरवलेलं नसतं किंवा दहा हजारांचं आयतं लक्ष्य तसंच ठेवलेलं असतं.

पाऊच बांधून कायम राहणं आईला शक्य नव्हतं. फोन जड, वाकलं की पोटात रुततो. घड्याळ मी नको म्हटलं. तिची चाल सावकाश आहे आणि जिन्यात ती कठडा धरते, म्हणजे मनगटाचं यंत्र नेमकं तिथेच तिची पावलं खाणार. भावाला वाटत होतं की घड्याळात झोप, ठोके, सगळंच कळेल. मला तेच नको होतं. आईला प्रश्न एक पडलाय, तर उत्तरही एकच मिळावं. शिवाय घड्याळ म्हटलं की अ‍ॅप आलं, अकाउंट आलं, आणि ती कधी चालते, कधी झोपते याची नोंद कुठल्या तरी कंपनीकडे गेली. कंपन्या विकल्याही जातात. असे बँड बनवणारी फिटबिट जानेवारी २०२१ मध्ये गूगलकडे गेली, तेव्हा आधी कधी तरी बँड बांधलेल्या माणसांचं नातं एका वेगळ्याच कंपनीशी जोडलं गेलं. नुसती पावलं मोजून हवी असतील तर यातलं काही पत्करायची गरज नाही.

शेवटी कमरेला लावायची साधी क्लिप घेतली. बटणासारखा सेल, मोठे ठळक आकडे, अ‍ॅप नाही, अकाउंट नाही. आईनं ती लावून गल्लीत शंभर पावलं मोठ्यानं मोजत चालून दाखवली आणि क्लिपनं त्यातली बहुतेक सगळी धरली. लक्ष्य ४,५०० ठेवलंय. डॉक्टरांना विचारून घेतलं, त्यांची हरकत नाही. गुडघा दुखला तर त्या दिवशी आकडा बघायचाच नाही असंही ठरलंय. कॅलेंडरवरची पेन्सिल चालू आहे. संध्याकाळच्या फेरीची सवय लागली आणि क्लिप लावायला विसरली तरी ती बाहेर पडायला लागली, की तिला या यंत्राची गरज राहणार नाही. मग ते मावशीकडे जाईल. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.